इस्तू पुढं गेली

भाजलेल्या शेंगांची बशी नातीच्या टेबलावर ठेवायची आणि परत स्वयंपाकघरात जायचं, एवढंच गोजरबाईच्या मनात होतं. पण टेबलाशी पोचेपर्यंत बशी हातातच कलली आणि चार शेंगा घरंगळत हर्षालीच्या लॅपटॉपवर पडल्या. पडद्यावर एक चित्र होतं. बर्फातून चाललेली एक मुलगी, तिनं पोटाशी धरलेलं लोखंडी भांडं, भांड्याच्या झाकणाला भोकं आणि त्या भोकांतून डोकावणारा लाल उजेड. पायाशी एक गुबगुबीत, डोळ्यांभोवती काळं असलेलं जनावर. हर्षालीनं बोटानं पान सरकवलं आणि चित्र वर निघून गेलं. गोजरबाईला उंबऱ्यात ठेच लागल्यासारखं झालं. मंचरच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटला उंबरे नव्हतेच, इथं येऊन पाच-सहा वर्षं झाली तरी तिचा पाय दारात आपोआप उचलला जायचा. पण ही ठेच पायाला लागलेली नव्हती.

"मागं घे," ती म्हणाली.

"काय मागं घेऊ? आजी, शेंगा सांडतायत."

"सांडू दे. ते चित्र मागं घे. आगं, इस्तू हाय ती!"

हर्षालीनं खुर्ची वळवून आजीकडं पाहिलं. मग पडद्याकडं पाहिलं. मग पुन्हा आजीकडं. लहानपणी वरणभाताचा घास तोंडात जायचा तो इस्तूच्या गोष्टीवरच. इस्तू म्हणजे विस्तव. डोंगरापलीकडच्या देशात एका हिवाळ्यात सगळ्या चुली विझतात, आणि एक पोर लांबच्या गावाहून भांड्यात निखारा घेऊन आपल्या आईकडं निघते. वाटेत तिला एक उदमांजर भेटतं, एक चिडकी नावाडीण भेटते, पाऊस भेटतो, वारा भेटतो. हर्षाली मोठी झाली, कंप्युटरचं शिकली, घरी बसून पुण्याच्या ऑफिसचं काम करायला लागली आणि उरलेल्या वेळात जपानी कार्टूनं बघायला लागली. तीही जुनी, जितकी जुनी आणि कुणाला ठाऊक नसलेली तितकी तिला जास्त गोड. आजी सांगायची की आमची इस्तू जपानचीच होती, टीव्हीवर रविवारी सकाळी लागायची, हिंदी बोलायची. हर्षालीनं पुष्कळ शोधली आणि शेवटी ठरवून टाकलं की आजीनं ही गोष्ट स्वतःच रचलेली आहे.

"सापडणार कशी?" आता ती हसून लोटपोट होत म्हणाली. "तू सांगितलेली नावं टाकून शोधलं की आपल्या गावच्या, खोडदच्या, कांद्याचे भाव निघायचे! तिचं खरं नाव वेगळंच आहे गं. आणि ते उदमांजरही नाही."

"उदमांजर न्हाई तर काय हाय?"

"त्यांच्याकडचा प्राणी आहे. कुत्र्याच्या जातीतला."

"कुत्रं आसं बसतंय व्हय? उदमांजरच हाय," गोजरबाई म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर टेकली.

खोडदला तेव्हा वाडीत टीव्ही दोघांकडं. त्यातला एक गोजरबाईकडं, कारण तिच्या नवऱ्याला, हौशीरामला, यंत्राचं वेड. पंप बिघडला की तो खूश व्हायचा, कारण उघडून बघायला मिळायचं. टीव्ही काळापांढरा, त्याला लाकडाचं सरकतं दार, वर हर्षालीच्या बापानं, आदेशनं, चिकटवलेला वाघ. रविवारी सकाळी आंघोळी उरकायच्या आत पोरं जमायची आणि पोरांच्या मागं पोरांना न्यायला म्हणून आया यायच्या आणि उंबऱ्यातच बसून राहायच्या. आधी डोक्यावर पदर घेऊन, हसू दाबून. बाया कार्टून बघतात म्हणजे काय! पण त्या कार्टूनात मारामारी नव्हती. कुणी कुणाच्या डोक्यात हातोडा घालत नव्हतं. पोरगी नदीकाठी बसायची, भाताचा गोळा काढायची, अर्धा मोडून उदमांजराला द्यायची आणि खायची. चावायची, गिळायची, नदीकडं बघायची. तेवढ्यात एखादं घर झाडून होईल, इतका वेळ. पोरं चुळबुळत उठून विटीदांडूला जायची आणि बाया बसून राहायच्या. गोजरबाईला आजही तो घास आठवला की तोंडाला पाणी सुटतं. तिला तेव्हाही कळत होतं की पैसे वाचवायला बनवणाऱ्यांनी हलकं काम केलं आहे. तोंडं नुसती उघडमीट व्हायची, चालताना तेच झाड परत परत मागून जायचं. वाडीतल्या चिमाबाईनं तर त्या झाडाला ओळखून ठेवलं होतं, ते आलं की ती म्हणायची, "आलं बघ आपलं बाभूळ." पण मागचे डोंगर! ते कुणीतरी हातानं, बसून, जीव लावून रंगवले होते. एका भागात डोंगराच्या कड्यात काळी दारं दिसली, तेव्हा साऱ्याजणी एकदम बोलल्या, "ही तर लेण्याद्री!" आणि मग इस्तू जपानची राहिलीच नाही. ती जुन्नरकडून आली होती आणि खोडदवरून पुढं जाणार होती.

हर्षाली चित्र मोठं करून दाखवत होती. "कुणीतरी परदेशातल्या माणसानं जुन्या टेपांवरून उतरवून ठेवलीय. फार लोकांनी बघितलेलीच नाही ही. आजी, तिकडं जपानातसुद्धा विसरलेत हिला."

"आमी न्हाई इसरलो," गोजरबाई म्हणाली. तिची नजर मुलीच्या गळ्यातल्या रुमालावर खिळली होती. तो पिवळा होता. मोहरीच्या तेलासारखा पिवळा. आणि तिच्या मनातला रुमाल डाळिंबी होता. आज नव्हे, इतकी वर्षं डाळिंबी होता; तो कधी डाळिंबी नसेल असं तिला वाटलंही नव्हतं. मग तिला दुसरी गोष्ट सुचली: टीव्ही तर काळापांढरा होता. म्हणजे निखाऱ्याचा लाल, रुमालाचा डाळिंबी, नावाडणीच्या छत्रीचा निळा, नदीचा तो सकाळचा हिरवट रंग, हे सगळं आलं कुठून? रविवारी बघायचं आणि सोमवारी कांदे लावताना वाफ्यात सांगायचं, असा नेम होता. सावडीवर लावणी असायची. आज हिच्या वावरात, उद्या तिच्या, मजुरी नाही, बाईच्या बदल्यात बाई. ज्यांना रविवारी जमलं नाही त्यांच्यासाठी गोजरबाई वाकल्या वाकल्या सगळं सांगायची, कारण सातवीपर्यंत शिकलेली ती एकटीच आणि तिचं हिंदी रेडिओवरच्या गाण्यांइतकं. जे कळलं नाही ते ती पुढं ढकलायची नाही, तिथंच भरून काढायची. कुणीतरी विचारायचं, रुमाल कोणच्या रंगाचा गं? आणि बायडाबाई, तिची थोरली जाऊ, कांद्याचं रोप मातीत खोचत म्हणायची, डाळिंबी आसंल, उनात उठून दिसतो. बस, झाला डाळिंबी. रंग टीव्हीतून आलेच नव्हते. रंग वाफ्यातून आले होते.

आणि आता तो पिवळा निघाला. रुमाल चुकला तर आणखी काय काय चुकलं असेल?

"आजी," हर्षाली खुर्ची पुढं ओढत म्हणाली, "सगळे भाग आहेत. शेवटचासुद्धा. आत्ता बघायचा?"

शेवटचा. गोजरबाईनं एक शेंग उचलली, फोडली, दाणे बशीतच ठेवले. शेवटचा भाग कुणीच बघितलेला नव्हता. त्याच्या आधीच्या रविवारी इस्तू नदीत पडली होती. पाणी डोक्यावरून जात होतं, फक्त भांडं धरलेले दोन हात वर, आणि तिथंच पाटी आली की पुढच्या रविवारी शेवट. अख्खा आठवडा वाडीत दुसरा विषय नव्हता. आणि पुढच्या रविवारी, पोरं-बाया-म्हातारे धरून घरात पाय ठेवायला जागा नाही, हौशीराम एरियल फिरवायला कौलांवर चढलेला, आणि विजेच्या डीपीवर एक वानर चढलं. ठाप् असा आवाज झाला. वानर पळालं, वाडीची लाइट मात्र तीन दिवस आली नाही. पडद्याच्या मध्ये एक पांढरा ठिपका राहिला, तो बारीक होत गेला आणि विझला. मग चिमाबाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "चला, छत्रीवाल्यांकडं जाऊ."

त्या वेळी गावाबाहेर त्या मोठाल्या अँटेना उभ्या राहत होत्या. तारांच्या जाळीच्या, आभाळाकडं तोंड केलेल्या, वडापेक्षा उंच. दुर्बीण आहे, दुर्बीण आहे असं पुरुष म्हणायचे. पण दुर्बिणीला काच नको का? काच तर कुठंच नव्हती. बायांनी आपला अर्थ लावला होता: हौशीरामच्या कौलावरच्या काड्यांना जर मुंबईचं दिसतं, तर एवढ्या मोठ्या छत्रीला काय काय दिसत असेल! आणि त्यांच्याकडं स्वतःची लाइट. म्हणून भर सकाळी अर्धी वाडी उसाच्या बांधावरून निघाली, पुढं चिमाबाई, तिच्या काखेत पोर. फाटकावर बायडाबाईचा भाचा, भरत, उभा होता, राखणीला नुकताच लागलेला, टोपी कानांवर आलेली.

"मावशे, कुणीकडं?"

"कार्टून लावा म्हणावं सायबाला. शेवटचं हाय," चिमाबाई म्हणाली.

"आगं हितं टीव्ही न्हाई!"

"एवढी छत्री, आन टीव्ही न्हाई? मंग काय पापड वाळवतायत?"

आतून एक चष्मेवाले साहेब आले. बाहेरगावचे असावेत, मराठी अडखळत बोलायचे. ते हसले नाहीत, हे गोजरबाईच्या पक्कं ध्यानात राहिलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पोरगी कुठं पडली, भांडं कुठं होतं, सगळं. मग म्हणाले की ही बघत नाही, ही ऐकते, आणि जवळचं नाही, फार लांबचं, फार जुनं. टीव्हीच्या लाटांपासून तर आम्ही लांबच राहतो. "तुमचा कार्यक्रम हवेत आला आणि निघून गेला. तो आता थांबत नाही. चंद्राच्या पुढं गेला, आणखी पुढं जात राहील." बाया आभाळाकडं बघायला लागल्या. चिमाबाईनं काखेतलं पोर दुसऱ्या काखेत घेतलं. "म्हंजे इस्तू पुढं गेली," ती म्हणाली, "आपुनच मागं ऱ्हायलो."

दुसऱ्या दिवशी वाफ्यात शेवट ठरवायला बसल्या, बसल्या म्हणजे वाकल्या. गोजरबाई म्हणाली, भांडं वर धरलं होतं, निखारा जगला, तिनं आईच्या चुलीत नेऊन घातला. चिमाबाई म्हणाली, कशाचा जगतोय, पाण्यात पडली पोरगी, भिजला तो. पण आईनं आपला निखारा राखेखाली झाकून ठेवलेला असणार. "बाई हाय ती. चूल विझू दील व्हय? सारं गाव विझंल, पर आई न्हाई इझू द्यायची. तिला ठावं व्हतं पोर गारठून यील." मग एवढी चालली ती फुकट का, असं गोजरबाईनं विचारलं. फुकट कशी, आईच्या घरी आली की, असं चिमाबाईनं सांगितलं. वाफे दोन बाजूंना वाटले गेले. बायडाबाई मरेपर्यंत गोजरबाईच्या बाजूची राहिली. ते भांडण पिकांबरोबर चालत आलं, कांद्यात, बटाट्यात, पोरींच्या लग्नात. हौशीराम गेला तेव्हा तेराव्याला चिमाबाई जवळ बसली आणि हळूच म्हणाली, "तरी पण इझलाच व्हता तो," आणि गोजरबाई रडता रडता इतकी हसली की माणसं वळून बघायला लागली. आदेशनं मंचरला फ्लॅट घेतला, ती इकडं आली. आता रोज दुपारी फोन. पहिली दोन वाक्यं गुडघ्यांची, तिसरं इस्तूचं.

"नको," ती हर्षालीला म्हणाली. "मिटव ते."

"अगं, का?"

का ते तिला नीट सांगता येईना. या घरात तिला कसलीच कमी नव्हती. लिफ्ट होती, गरम पाणी होतं, खिडकीतून हायवे दिसायचा. पण ज्याच्यासाठी दुपारची वाट बघावी असं एकच काही होतं आणि ते त्या न बघितलेल्या अर्ध्या तासात होतं. बघितलं की एकजण जिंकणार. जिंकणाऱ्या बाईनं मग दुसऱ्या दिवशी फोन कशाला करायचा? आणि न बघावं तर तेही जमणार नव्हतं. आता ते टेबलावर, शेंगांच्या बशीशेजारी होतं, आणि आजवर ते चंद्राच्या पुढं होतं. रात्रभर तिच्या पापण्यांआड पिवळा रुमाल फडफडत राहिला. सकाळी चहा गाळताना ती म्हणाली, "हर्षाली, घे तुझा तो डबा. खोडदला जाऊ. जे काय हाय ते चिमीसंगं."

नारायणगावपर्यंत एसटी आणि पुढं जीप. हर्षालीनं तो भाग आधीच लॅपटॉपवर उतरवून घेतला होता, खोडदला रेंजचा भरवसा नाही म्हणून. वाटेत टोमॅटोच्या तारा, द्राक्षांच्या बागा, मग एका वळणावर लांबवर ती पांढरी जाळी, आभाळाकडं तोंड करून निवांत. गोजरबाईनं नकळत हात जोडल्यासारखं केलं आणि नातीनं बघितलं म्हणून पदर सारखा केला.

चिमाबाई ओट्यावर लसूण सोलत बसली होती. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, हिरवा चष्मा, त्यात तिचं तोंड अगदी त्या उदमांजरासारखं दिसत होतं.

"आलीस? वाळली गं लई. मंचरला जेवाय घालत्यात का नुसता लिफ्टीतनं फिरवत्यात?"

"तुझ्यासाठी शेवट आणलाय," गोजरबाई म्हणाली.

चिमाबाईचा हात लसणावर थांबला. हर्षालीनं सगळं समजावून सांगितलं, टेपा, परदेशातला माणूस, जुने भाग. चिमाबाईनं लॅपटॉपकडं पाहिलं, गोजरबाईकडं पाहिलं.

"तू बघितलास?"

"न्हाई."

"खरं?"

"हौशीरामाची आन."

"मंग घाबारलीस. हारशील म्हून."

"मी कशाला हारती? तुझीच राख निघंल."

चिमाबाई पुन्हा लसूण सोलायला लागली. दोन पाकळ्या सोलून झाल्यावर, मान वर न करता, ती म्हणाली, "बघितलं तर मंग उद्या फोनवर काय बोलायचं? दवाखान्याचं?"

गोजरबाईला वाटलं, हे आपण कालपासून छातीशी धरून चाललो आहोत, आणि ही इथं लसणाच्या सालींत घेऊन बसली आहे. अंगणात कोंबडी पिलं घेऊन आडवी गेली. मग चिमाबाईनं सुपातली सालं झटकली. "लाव बाय," ती हर्षालीला म्हणाली. "म्हातारपणी हारायलाबी जमलं पायजे. पर उजेडातनं आत चला, मला उनात दिसत न्हाई."

आत, कोठीच्या डब्यावर लॅपटॉप ठेवला. गाणं सुरू झालं, आणि शब्द जपानी असले तरी चाल तीच, तेव्हा दोघींची डोकी एकाच तालात हलायला लागली. हर्षाली खालची इंग्रजी अक्षरं वाचून सांगू लागली तशी चिमाबाईनं तिला गप्प केलं. "तू ऱ्हाऊ दे. गोजर सांगंल." आणि गोजरबाई सांगायला लागली. तिला एक अक्षर कळत नव्हतं, पण ती थांबली नाही. नावाडीण म्हणतीय, धर माझी काठी. उदमांजर म्हणतंय, सोड ते भांडं, जीव वाचव. पोर म्हणतीय, सोडत न्हाई. हर्षाली तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली, कारण चुकीचं फार थोडं होतं. पोर नदीतून निघाली. झाकण उघडून बघेल म्हणून दोघी पुढं वाकल्या, पण तिनं उघडलं नाही. भोकांतून उजेड येतो का तेही कळेना, तिनं पिवळा रुमाल सोडून भांड्याला गुंडाळला. ("पिवळा?" चिमाबाई दचकून म्हणाली. "गप. ऊन पडलंय त्याच्यावर," गोजरबाई म्हणाली.) बर्फ. बाभूळ दोनदा येऊन गेलं. मग डोंगराच्या कुशीत एक घर, छपरावर धूर नाही. दार सरकलं, एक हात बाहेर आला, आईचा, नुसता हात, आणि पोरीला आत घेऊन दार बंद झालं. उदमांजर उंबऱ्याबाहेर बसलं. चित्र तिथंच थांबलं; घर बाहेरून, बर्फ पडतोय, काही होत नाही. इतका वेळ काही झालं नाही की हर्षालीला वाटलं अडकलं, पण या दोघींना ते ठाऊक होतं, त्यांनी याच्यासाठीच तर रविवार मोडले होते. चिमाबाईनं गोजरबाईचं मनगट धरलं. आणि छपराच्या फटीतून धुराची एक रेघ निघाली. वाकली, सरळ झाली, वर गेली. गाणं वाजलं. संपलं.

"बस?" चिमाबाई म्हणाली.

"बस," हर्षाली म्हणाली. "एवढंच आहे. कुणाचा निखारा ते दाखवलंच नाही. बनवणाऱ्यानं नंतरही कधी सांगितलं नाही म्हणे."

गोजरबाईला हसू फुटलं. चिमाबाईनं चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा घातला.

"धूर किती लगीच निघाला बघितलास? राखंतला निखारा आसाच पेटतो. फुकलं की झालं."

"लगीच? आगं पोरीनं भांडं ओतलं म्हून लगीच! राख उकरत बसली आसती तर संध्याकाळ झाली आसती."

"परत लाव गं बाय. धुराचं लाव."

धूर पाच-सात वेळा निघाला. जेवताना पिठलं-भाकरीवर भांडण चाललं, परत निघेपर्यंत चाललं. चिमाबाईनं लसणाच्या दोन गड्ड्या पिशवीत कोंबल्या त्याही "हारलेलीला ऱ्हाऊ दे" असं म्हणत.

नारायणगावच्या स्टँडवर एसटीत खिडकीशी बसल्यावर गोजरबाईला एकदम सुचलं. उदमांजर बाहेर का बसलं? आत आधीच ऊब असती तर ते पोरीच्या आधी घुसलं असतं! थंडीनं काकडलेलं जनावर ते. म्हणजे घर गार होतं. चूल विझलेली होती. निखारा पोरीचाच. तिनं घाईनं पिशवीतून फोन काढला, आणि बटणावरचं बोट तिथंच थांबलं. आज नको. आजचं पुष्कळ झालं. तिनं फोन परत पिशवीत ठेवला, त्यावर लसणाच्या गड्ड्या ठेवल्या, वर रुमाल घातला आणि पिशवी मांडीवर धरून बसली. उद्या दुपारी, गुडघ्यांची दोन वाक्यं झाली की.

गाडी हायवेला लागते न लागते तोच पिशवीत फोन वाजायला लागला. हर्षालीनं गड्ड्या बाजूला करून तो काढला आणि हसत आजीच्या कानाला लावला. तिकडून हॅलोही नव्हतं.

"गोजरे, ऐक. त्या आईचा हात बघितलास का नीट? मी आत्ता डोळं मिटून बघितला. राखंनं भरल्याला व्हता."

"काय सांगतीस!" गोजरबाई म्हणाली आणि पदरानं तोंड झाकून, आपलं उदमांजर उद्या दुपारपर्यंत अगदी गप्प ठेवून, ऐकत राहिली.